कंबरेच्या चिठ्ठीवर खुब्यालाही एक चौकट हवी

प्रति,
गोव्यातील सरकारी आरोग्य केंद्रांचा कारभार पाहणारे आणि तेथील तपासणीची पद्धत ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये मृग लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी माझ्या वहिनीला घेऊन आमच्या भागातील आरोग्य केंद्रात गेले होते. वहिनी एकसष्ट वर्षांची आहे. कुळागरातील सुपाऱ्या वेचण्यापासून गणेश चवथीच्या दिवसांत साऱ्या वाड्याच्या पंगती उठवण्यापर्यंत कुठल्याच कामाला तिने कधी नाही म्हटले नाही. पण गेल्या चवथीपासून तिला आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवता येईनासा झाला. एक गुडघा उभा करून बसले की उजव्या जांघेत अशी कळ उठते की अर्धी कवड तशीच ठेवून तिला भिंतीच्या आधाराने उभे राहावे लागते. जांघेतील दुखण्याला दोन-तीन महिने उलटल्यावर कंबरही दुखू लागली, आणि आता बैठकीच्या वरच्या अंगाला, पाठीवर जिथे खळी पडते तिथे, रात्री कूस बदलताना ठणका लागतो.

केंद्रात आमच्या हाती एक नवी छापील चिठ्ठी आली. तिचे शीर्षक होते ‘पाठ व सांधेदुखी’ आणि खाली चार चौकटी होत्या: मान, खांदा, कंबर, गुडघा. डॉक्टरांनी विचारले, कुठे दुखते? वहिनीने अंगठा मागे कुल्ल्यावर ठेवला, चार बोटे पुढे जांघेत रोवली, तांब्याचा गळा धरावा तसा आपला खुबा मुठीत धरला आणि म्हणाली, “हांगा, भितर.” म्हणजे इथे, आत. डॉक्टरांनी ‘कंबर’ या चौकटीत निळ्या शाईने खूण केली. पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या, कण्याचा एक्स-रे आणि व्यायामाचा एक कागद एवढे घेऊन आम्ही बाहेर पडलो. खोलीत तपासणीची खाट होती, पण तिच्यावर फायलींचे गठ्ठे होते. डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर साठ-सत्तर माणसे ताटकळत होती आणि त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर खुबा नावाचा अवयवच नव्हता. हे पत्र त्या चिठ्ठीविषयी आहे.

वहिनीने खुबा जसा धरला होता, त्या पकडीला अस्थिरोगशास्त्रात नाव आहे. हाताचा आकार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा होतो म्हणून तिला ‘सी’ची खूण म्हणतात, आणि दुखणे खुब्याच्या सांध्यात खोलवर असल्याचा तो एक जुना, बिनखर्चाचा संकेत मानला जातो. रोगी जेव्हा एकाच बोटाने मागची खळी दाखवतो, तेव्हा संशय त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या तिकोनी हाडाच्या, सांध्यावर जातो. वहिनीने त्या दिवशी दोन्ही खुणा केल्या होत्या, आधी मुठीने आणि मग बोटाने. दोन्ही पाहण्याची सवय तिथे कोणालाच नव्हती.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षे मराठी प्राथमिक शाळेत शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. तरीही या विषयावर आपणास लिहिण्याचा अधिकार मला माझ्या डाव्या खुब्याने दिला आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मी पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा समज आपल्याकडे आहे हे आपणास ठाऊक असेलच. आमच्या गावात मी सात-आठ वर्षांची असल्यापासून उसण भरलेली माणसे आमच्या अंगणात येऊन तुळशीसमोर पालथी पडत आणि आई मला हाक मारी. मी त्यांच्या कंबरेला हलकीशी लाथ लावायची आणि शेंगदाण्याचा लाडू मिळवायची. कोणाला गुण येत असे की नाही, देव जाणे. पुढे कळले ते असे की गर्भात पायाळू असणे हेच खुब्याची उखळ, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो ती वाटी, उथळ राहण्याच्या मुख्य कारणांपैकी एक आहे. मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा चार ते पाच पट अधिक आढळतो, पहिलटकरणीच्या बाळात अधिक आढळतो आणि डाव्या बाजूला अधिक आढळतो. मी पायाळू, मुलगी, आईचे पहिले मूल आणि माझे दुखणे डाव्या बाजूचे. गावाच्या कंबरा ज्या पायाने बऱ्या व्हायच्या, त्याच पायाच्या वरचा सांधा जन्मापासून बिनसलेला होता.

दुखायला लागले ते २०१२ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पहिलीच्या मुलांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसणे हे माझे रोजचे काम होते, तेच जड जाऊ लागले. त्यानंतर सहा वर्षे माझ्या कंबरेवर उपचार झाले. कण्याचे दोन एमआरआय झाले, पट्टा झाला, ट्रॅक्शन झाले, एक इंजेक्शन कण्यात झाले. “गादी थोडी सरकली आहे,” असे प्रत्येक वेळी सांगण्यात आले, आणि त्या वयाच्या निम्म्याअधिक माणसांच्या चित्रांत अशी थोडी सरकलेली गादी दिसतेच, हे कोणीही सांगितले नाही. अखेर २०१८ साली शाळेत भरलेल्या एका शिबिरात एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने मला बाकावर उताणे झोपवले, डावा गुडघा काटकोनात उचलला आणि पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला वळवले. उजवा पाय सहज वळला होता. डावा जेमतेम हलला आणि मी ओरडले. तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. “बाई, तुमची कंबर नव्हे, तुमचा खुबा दुखतो,” ती म्हणाली. २०१९ साली माझा डावा खुबा बदलण्यात आला. जांघेतले दुखणे त्याबरोबर गेले. मागच्या खळीतले मात्र गेले नाही, आणि ते का गेले नाही हाच या पत्राचा गाभा आहे.

कमरेखालचा आपला सांगाडा ही हाडांची एक बांगडी आहे असे समजावे. मागे त्रिकास्थी, दोन्ही अंगांना कटीची रुंद हाडे. ही हाडे मागे त्रिकास्थीला जिथे भिडतात ते दोन सांधे आणि पुढे ओटीपोटाच्या तळाशी एकमेकांना भिडतात तो एक, असे या बांगडीत तीन जोड असतात. बांगडीच्या दोन्ही कुशींत खुब्यांच्या उखळ्या असतात. खुबा हा हालचालीचा सांधा आहे. निरोगी माणसाची मांडी शंभर अंशांहून अधिक वर येते. मागचे दोन सांधे त्याच्या अगदी उलट. त्यांचे पृष्ठभाग खडबडीत, एकमेकांत रुतलेले आणि जाड अस्थिबंधांनी आवळलेले असतात, आणि त्यांची हालचाल दोन-चार अंशांपलीकडे जात नाही. धडाचा भार पायांकडे उतरवणे हे त्यांचे काम. पुढच्या जोडात कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, गादी असते आणि तीही एक-दोन मिलिमीटरच सरकते. आता उथळ उखळीमुळे, गोळ्यावरच्या उंचवट्यामुळे किंवा साध्या झिजेने खुब्याने आपली हालचाल आखडती घेतली, तरी माणूस काही उकिडवे बसायचे, पायऱ्या चढायचे, बसमध्ये पाय टाकायचे थांबत नाही. खुबा जे अंश देत नाही, ते कण्याच्या खालच्या मणक्यांकडून आणि बांगडीच्या या तीन जोडांकडून वसूल केले जातात. दाराची बिजागरी गंजली आणि दार मात्र रोज ओढून उघडत राहिले, की काही दिवसांनी चौकटीतले स्क्रू सैल होतात, तसाच हा प्रकार आहे.

त्यात लंगडण्याची भर पडते. एका पायावर उभे राहताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो, कारण कटी समतोल ठेवण्यासाठी बाजूच्या स्नायूंना जोराने ओढून धरावे लागते. हे स्नायू दुबळे पडले की प्रत्येक पावलाला कटी दुसऱ्या अंगाला कलते; ट्रेंडेलेनबर्ग यांनी ही खूण १८९५ साली वर्णन केली होती. माझा डावा पाय दीड सेंटिमीटर आखूड होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. साडीची एक बाजू नेहमी खाली येते म्हणून मी निऱ्यांना दोष देत असे. दिवसाला काही हजार पावले, प्रत्येक पावलाला बांगडी थोडी तिरकी, आणि अशी कित्येक वर्षे.

हे केवळ माझे तर्कट नाही. खुबा आणि कणा यांचे दुखणे एकमेकांत मिसळते आणि एकाऐवजी दुसऱ्यावर उपचार होतात, हे ओफिएर्स्की आणि मॅकनॅब यांनी १९८३ साली लिहून ठेवले आणि या गुंत्याला स्वतंत्र नाव दिले. खुब्याचा गोळा आणि उखळीची कड एकमेकांना घासून झीज कशी सुरू होते, हे स्वित्झर्लंडमधील राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडले. पुढे मृतदेहांच्या कटीभागावर केलेल्या प्रयोगात असे दिसले की गोळ्यावर उंचवटा असेल, तर मांडी वळवताना पुढच्या जोडाची हालचाल वाढते. खुब्याच्या अशा अडकणीसाठी शस्त्रक्रियेला आलेल्या अनेक रुग्णांच्या चित्रांत त्रिकास्थीच्या सांध्यातही बदल आढळले आहेत. या मागच्या सांध्यात कटीच्या हाडाकडची कूर्चा मुळातच पातळ असते आणि झीज बहुधा तिथूनच सुरू होते.

इथे मला एक सावधगिरी बाळगली पाहिजे, नाहीतर माझ्या पत्राने चुकीच्या दुसऱ्या टोकाला जायचे. ज्यांना काहीच दुखत नाही अशा प्रौढांच्या सीटी स्कॅनमध्येही त्रिकास्थीच्या सांध्याची झीज मोठ्या प्रमाणात दिसते, आणि वयाबरोबर ती वाढतच जाते. म्हणजे चित्रात झीज दिसली की दुखण्याचे मूळ सापडले, असे म्हणता येत नाही. माझ्या मागच्या सांध्याची झीज खुब्यामुळेच झाली का, असे मी माझ्या शल्यविशारदांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण सहा वर्षे आधी आला असतात, तर त्या सांध्याला सहा वर्षांचे लंगडणे तरी चुकले असते.” मला हे उत्तर प्रामाणिक वाटते आणि माझी मागणी या उत्तराच्या पलीकडे जात नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या चिठ्ठीची आणि तिच्यामागच्या सवयीची आहे. दीर्घकाळच्या कंबरदुखीत १५ ते ३० टक्के रुग्णांचे मूळ त्रिकास्थीच्या सांध्यात असते असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि खुब्याचे दुखणे कंबरदुखी म्हणून येते ते वेगळेच. तरीही कंबरदुखीचा रुग्ण आला की त्याला खाटेवर झोपवून पाय वळवून पाहिला जात नाही. यासाठी यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणे झोपवावे, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि वर आलेला गुडघा हलकेच खाली दाबावा. कळ जांघेत आली तर खुब्याकडे पाहावे, मागे खळीत आली तर त्रिकास्थीच्या सांध्याकडे. मागच्या सांध्यासाठी एकट्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, तीन-चार चाचण्या मिळून कौल घ्यावा लागतो, हे खरे आहे. पण त्या सगळ्या मिळूनही पाच मिनिटांच्या आहेत. ही पाच मिनिटे न दिल्यामुळे माझी सहा वर्षे गेली, आणि त्या सहा वर्षांतील दोन एमआरआय आणि एक इंजेक्शन यांचा खर्च कोणीतरी केलाच ना?

दुसरी तक्रार चित्रांची. कंबरदुखीसाठी नेहमी कण्याचाच एक्स-रे लिहिला जातो आणि तो कण्यापुरता कापलेला असतो. माझा २०१२ सालचा एक्स-रे मी जपून ठेवला आहे. खुब्याचे निदान झाल्यावर एके दुपारी मी तो खिडकीच्या काचेवर धरला. फिल्मच्या अगदी खालच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात की उजव्या हे कळायलाही वेळ लागला, पण माझ्या खुब्याच्या उखळीची वरची कड अर्धीमुर्धी आलेली होती. तिरकी आणि आखूड. दोन बोटे खालपर्यंत चित्र काढले असते, तर माझे दुखणे तेव्हाच कागदावर आले असते. स्वीडनमधील व्हिबर्ग यांनी १९३९ सालीच साध्या एक्स-रेवर उखळीचे छप्पर गोळ्यावर किती आले आहे ते मोजण्याचा कोन सांगितला आहे. तो पंचवीस अंशांहून अधिक असावा, वीसच्या खाली गेला तर उखळ उथळ समजावी. माझा चौदा होता. कटीच्या एकाच समोरून घेतलेल्या एक्स-रेत दोन्ही खुबे, मागचे दोन्ही सांधे आणि पुढचा जोड असे पाचही सांधे दिसतात. मग प्रत्येक कंबरदुखीला कणाच का? आणि खुब्याचे दुखणे कण्याचे समजून कोणाचे मणके स्क्रूने जखडले गेले, तर काय होईल याचा विचार करावा. मणके जखडल्यावर त्रिकास्थीच्या सांध्यावरचा भार आणखी वाढतो, हे आता पुरेसे माहीत झालेले आहे. दुखरा खुबा तसाच राहतो आणि बांगडीला दोन्हीकडून मार बसतो.

तिसरी तक्रार माझ्यासाठी उशिराची आहे, पण आज जन्मणाऱ्या मुलींसाठी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा विकास नीट न होणे हा दोष स्पष्टपणे आहे. म्हणजे नवीन योजना आणायची नाही, असलेलीच पाळायची आहे. ओर्तोलानी यांनी १९३७ साली आणि बार्लो यांनी १९६२ साली सांगितलेल्या हाताच्या चाचण्या पहिल्या काही आठवड्यांतच नीट कळतात. तीन महिन्यांनंतर सांधा आवळत जातो आणि खूण लपते. वेळेवर कळले तर सहा महिन्यांच्या आत कापडी पट्ट्यांच्या आधाराने पाय फाकवून ठेवून बहुतेक बाळांची उखळ खोल होते, शस्त्रक्रिया लागत नाही. माझ्या भाचीचे बाळ दोन वर्षांपूर्वी पायाळूच जन्मले. तिने घरी येताना विचारले, खुबे पाहिले का? तिला सांगण्यात आले की बाळ रडते छान, दूध पिते, काळजी नको. पायाळू बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी दीड महिन्याच्या सुमारास व्हावी, हे तिला सांगणारी तिची निवृत्त मावशीच निघाली. बाळ सुदैवाने ठीक आहे. इथेच घरच्या चालीविषयीही एक शब्द. न्हाऊमाखू घालून बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जपानमध्ये १९७५च्या सुमारास पाय सरळ बांधू नयेत अशी देशव्यापी मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली. उलट बाळाला कडेवर घेऊन फिरण्याची आपली रीत खुब्याला चांगली समजली जाते. तेव्हा सुइणी आणि अंगणवाडी सेविका यांना एवढेच सांगायचे आहे की गुंडाळा, पण पाय मोकळे राहू द्या. आणि आजीला कडेवर घेऊ द्या.

चौथी तक्रार आपल्या राज्याच्या लाडक्या खेळाशी जोडलेली आहे. फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ. कापणी झाली की शेताच्या मळ्यांत बांध ओलांडून चेंडू धावतो, हे दृश्य कोणत्या गोंयकाराला नवे आहे? माझा पुतण्या चौदाव्या वर्षापासून आठवड्याचे सहा दिवस खेळायचा. सतराव्या वर्षी जांघ दुखू लागली. ‘ग्रोइन ओढली’ म्हणून त्याला तीन वेळा दोन-दोन आठवड्यांची विश्रांती दिली गेली आणि तीन वेळा पुन्हा मैदानात सोडले गेले. हाडे वाढण्याच्या वयात जोरकस फुटबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये खुब्याच्या गोळ्याच्या मानेवर उंचवटा तयार होण्याचे प्रमाण अधिक असते, आणि असा खुबा वळेनासा झाला की लाथेचा सगळा पीळ पुढच्या जोडावर जातो. त्याच्या कटीच्या चित्रात शेवटी दोन्ही गोष्टी दिसल्या: उंचवटा आणि पुढच्या जोडाच्या कडा कुरतडल्यासारख्या. वय वर्षे एकोणीस. आता तो खेळत नाही, मुलांना शिकवतो. राज्याने २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या, मैदाने उभी केली, त्याचा मला अभिमान आहे. पण गावच्या संघातील मुलाचा खुबा वर्षातून एकदा वळवून पाहण्याची सोय मला कुठे दिसली नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगते. विशी-तिशीतला मुलगा ‘सकाळी उठताना कंबर तासभर आखडते, चालल्यावर मोकळी होते’ असे सांगत असेल, तर ती झीज नसून त्रिकास्थीच्या सांध्याची सूज असू शकते. तो वेगळा आजार आहे, पुढे खुब्यालाही खातो, आणि त्याला विश्रांती नव्हे तर वेगळे औषध आणि व्यायाम लागतो. त्यालाही ‘कंबर’च्याच चौकटीत बसवले जाते. दुसरी गोष्ट काठीची. खुबा दुखणाऱ्याने काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरायची असते, तरच खुब्यावरचा भार हलका होतो. केंद्राच्या व्हरांड्यात त्या दिवशी मी सहज मोजले: काठीवाली पाच माणसे होती आणि मी विचारपूस केली त्यांतल्या चौघांची काठी दुखऱ्या बाजूलाच होती. हे सांगायला कोणता निधी लागतो?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पाठ व सांधेदुखीच्या छापील चिठ्ठीवर ‘खुबा’ आणि ‘कटीचे सांधे’ यांना चौकट द्यावी, आणि कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाचा खुबा वळवून पाहिल्याची नोंद त्या चिठ्ठीवर व्हावी. जांघेत दुखत असेल किंवा खुबा वळत नसेल, तर कण्याचा एमआरआय लिहिण्याआधी कटीचा समोरून एक एक्स-रे घ्यावा. तपासणीच्या खाटेवरील गठ्ठे कपाटात जावेत. ही मागणी मी गंभीरपणे करते आहे. नवजात बाळाच्या घरी जाणाऱ्या कागदांत खुबे तपासल्याची एक ओळ असावी, आणि पायाळू बाळ, तसेच ज्यांच्या घरात हा दोष आधी झाला आहे अशी बाळे, यांना सोनोग्राफीसाठी तारीख देऊनच घरी पाठवावे. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून निदान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट असावा. आमच्या बाजूचा रुग्ण एका तपासणीसाठी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात निघाला की पहिली कदंब बस पकडण्यापासून दिवेलागणीला परतेपर्यंत त्याचा पूर्ण दिवस जातो, आणि दुखऱ्या खुब्याने बसची उंच पायरी चार वेळा चढणे हीच एक शिक्षा आहे. शाळा आणि गावचे क्रीडासंघ यांतील मुलांची जांघ तीन आठवड्यांहून अधिक दुखली, तर त्यांना परत मैदानात सोडण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याचा लेखी नियम करावा.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. १८४२ सालापासून ज्या भूमीत वैद्यकीचे शिक्षण दिले जाते, तिथल्या डॉक्टरांना खुबा तपासता येत नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना तो शिकवलेला असतो. चिठ्ठी विचारत नाही आणि रांग थांबत नाही, म्हणून तो तपासला जात नाही.

वहिनीच्या कटीचा एक्स-रे आम्ही शेवटी म्हापशाला पदरचे पैसे घालून काढून घेतला. उजव्या खुब्यातील फट वरच्या अंगाला जवळजवळ मिटली आहे, आणि त्याच बाजूच्या मागच्या सांध्याच्या कडा दाट, पांढऱ्या झाल्या आहेत. तिला काठी डाव्या हातात धरायला मी शिकवले आहे, अजून ती विसरते. येत्या चवथीला नारळ खवायला मिक्सर वापरू या असे तिच्या सुनेने सुचवले, तर तिने दोन दिवस अबोला धरला.

चिठ्ठीची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. ‘कंबर’च्या चौकटीतील खूण डॉक्टरांच्या निळ्या शाईची आहे. तिच्या खाली लाल शाईने आखलेल्या दोन चौकटी माझ्या आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
उत्तर गोवा